मीनेचं पाणी

सोनकांबळे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका कंडक्टरनं त्यांचं मनगट पकडलं होतं. लातूरचं एस.टी. स्टँड, वर ऊन मी म्हणत होतं, आणि मी हदगावहून सरकारी कचेरीच्या भांडारात नोकरीवर रुजू व्हायला पत्र्याची ट्रंक घेऊन नुकतीच उतरलेली. कंडक्टर ओरडत होता, "म्हातारपणी खिसे कापतो का?" आणि काका अगदी शांतपणे सांगत होते, "खिशाला न्हाई हो, बिल्ल्याला हात लावला. कच्ची मीना हाय. दोन वर्सांत रंग उडंल. कुठं बनिवला?"

लोक हसले, कंडक्टरनं हात सोडला आणि काका काहीच झालं नाही अशा थाटात निघून गेले. या गावात वेड्यांचा तोटा नाही एवढं मी मनाशी ठरवलं. संध्याकाळी कचेरीतल्या शिपायानं मला भाड्याची खोली दाखवायला नेलं, तर समोरच्या दाराच्या उंबऱ्यावर तेच गृहस्थ बसलेले. तांब्याच्या एका चकतीवर अंगठ्याचं नख फिरवत होते. वर पाहून म्हणाले, "या बाई. चहा ठेवतो." मी नको म्हणाले. नवी नोकरी, नवं गाव, त्यात परका पुरुष. पुढं त्या 'नको'ची मला बरीच लाज वाटली, कारण त्या माणसाला जगात फारसं काही नको होतं. दारात कुणीतरी बसावं, त्यांच्या हातचा चहा प्यावा, दोन शब्द बोलावेत, बस. एवढंच त्यांना हवं होतं, आणि एवढंच त्यांना मुश्किलीनं मिळायचं.

काका बिल्ले करायचे. शाळेचे, बँडवाल्यांचे, हमालांचे, शिपायांच्या पट्ट्यावरचे. मूळचे कंधारकडचे. पोरवयात हैदराबादेला एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली शिकले आणि उस्ताद गेल्यावर लातूरला येऊन राहिले. बायको किनवटकडची. भट्टीची धग आणि तेजाबाचा वास तिला सोसेना. ती माहेरी गेली, तिकडं आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि तिकडचीच झाली. भांडण असं नव्हतं. वर्षातून एकदा ती एस.टी.च्या ड्रायव्हरकडे चारोळीची पुडी द्यायची आणि काका स्टँडवर जाऊन ती घ्यायचे. त्या कंडक्टरच्या दिवशीही ते चारोळीच्याच वाटेकडं डोळे लावून बसले होते, हे मला नंतर कळलं.

काकांच्या लेखी बिल्ले चार तऱ्हेचे होते आणि माणसाची पत त्याच्या बिल्ल्यावरून ठरायची. नुसता ठसा मारलेला, रंग नसलेला तो कोरा. त्याच्याबद्दल त्यांची तक्रार नसायची; तो बिचारा काही दाखवायला जात नाही. कागदासारखं चित्र छापून वर पारदर्शक थेंब सोडलेला तो छापील, त्याचं नावसुद्धा ते घ्यायचे नाहीत. ठशाच्या खळग्यांत नुसता रंग भरून वाळवला की ती कच्ची मीना. रंग खाली बसतो, धातूची कड वर राहते, नख फिरवलं की टकटक अडकतं. आणि खरी मीना म्हणजे काच. रंगीत काचेची पूड खळग्यांत भरायची, भट्टीत वितळवायची, खाली बसली की पुन्हा भरायची, पुन्हा भट्टी, मग पाण्याखाली दगडानं घासून धातू आणि काच एका पातळीला आणायची. त्यावर नख फिरवलं तर कुठं रंग संपला आणि कुठं तांबं सुरू झालं, डोळे मिटून सांगता येणार नाही.

"नख खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. लग्नात, मयतीत, तहसीलदारासमोर, कुठंही ते समोरच्याच्या छातीवर बिल्ला दिसला की नख फिरवायचे. एकदा त्यांनी एका फौजदाराच्या टोपीवरच्या बिल्ल्याला हात घातला. फौजदार अवाक् झाला आणि काका म्हणाले, "पक्की हाय. जपा."

भट्टीत कुठला रंग आधी आणि कुठला नंतर, हे ठरलेलं असायचं. पांढरा आधी, कारण तो कितीही वेळा भाजला तरी सोसतो. मग निळा, हिरवा. लाल शेवटी. लाल सगळ्यात नाजूक; आच थोडी जास्त झाली की काळवंडतो, पाणी जरा खारं असलं की धुरकट होतो. माणसांचीही ते अशीच वर्गवारी करायचे. आमच्या भांडाराच्या साहेबांना ते न भेटताच लाल म्हणायचे, "जल्दी तापतो आन् जल्दी काळा पडतो." मी हिरवी होते म्हणे. स्वतःबद्दल विचारलं तर म्हणायचे, "आमी सफेद. कितीबी डाव भट्टीत टाका."

पाण्याचं काम मात्र मला समजायला वेळ लागला. काचेचा खडा खलात पाणी घालून कुटायचा आणि मग ती पूड धुवायची. पहिलं पाणी गढूळ, रंगीत निघतं, ते फेकायचं. पुन्हा पाणी, पुन्हा ओतायचं. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं, मगच रंगात चमक येते. लातूरच्या बोअरचं पाणी खारं. म्हणून काका पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी दोन मोठ्या रांजणांत धरून ठेवायचे आणि ते वर्षभर मीनेला पुरवायचे. शेवटची धुवणं ते फेकत नसत. वेगळ्या, तिसऱ्या रांजणात ओतून निवळू द्यायचे आणि निळ्या-हिरव्या रंगांना तेच वापरायचे. दिसायला ते पाणी इतकं स्वच्छ की पाहून तहान लागावी. पण त्या काचेत शिसं असतं. उस्तादांचं मनगट त्या शिशानंच लुळं पडलं होतं. शेवटी शेवटी ते कुंचला हाताला बांधून काम करायचे. काका त्या रांजणाला हात लावला की साबणानं दोनदा हात धुवायचे.

त्यांच्याकडं चहा प्यायला नियमानं येणारं माणूस एकच, गयाबाई. शेजारच्याच खोलीत राहायच्या. औशाकडच्या शेतकरी घरातल्या, दुष्काळात शेत सोडून मुलासुनेबरोबर शहरात आलेल्या आणि डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जाणाऱ्या. आमची गल्ली मिश्र होती, हमाल, मिलमधले, दोन-चार नोकरदार. काका बौद्ध आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तसं बोलून दाखवत नसे. फक्त त्यांच्याकडं चहाची वेळ झाली की प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. गयाबाईंनाही पहिली दोन वर्षं आठवायचं. मग एकदा काकांनी त्यांना हातातला बिल्ला दाखवला, "बघा बरं, अडकतंय का?" गयाबाईंनी डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाल्या, "हितं हाय. खसखशीएवढं." काकांनी भिंगातून पाहिलं. होतं. जन्मभर डाळीतून खडे वेचणारी ती बोटं, त्यांच्यापुढं भिंगाचं काय चालणार!

त्या दिवसापासून प्रत्येक माल गयाबाईंच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर जाईना. मिल सुटली की त्या यायच्या, पदर खोचून उंबऱ्यावर बसायच्या, बिल्ले एकेक करून अंगठ्याखाली घालायच्या, आणि काका चहा पुढं करायचे. त्यांनी पहिल्यांदा कप उचलला तेव्हा समोरच्या खिडकीतून मी पाहत होते. काका स्वतःचा चहा प्यायचेच विसरले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गयाबाई काल चहा पिल्या." एवढंच. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मीही जाऊन बसले. चहा अतिशय वाईट होता. गूळ जास्त, पत्ती कमी.

त्यांच्या स्वतःच्या लोकांतही ते एकटेच होते. वस्ती पलीकडं होती, काका भट्टीसाठी इकडं राहिले. तिकडच्यांना वाटायचं हे आपल्यातून उठून गेले. दरवर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी ते महिनाभर खपून खऱ्या मीनेचे छोटे बिल्ले करायचे, पांढऱ्यावर निळं चक्र. एका वर्षी मी पाहायला गेले होते. चौकात पोरांची झुंबड टिनच्या छापील बिल्ल्यांच्या गाड्यावर होती. तसबीर मोठी, रंग भडक, पुढच्या आठवड्यात गंज. काका तिथून चार हात अंतरावर ताट घेऊन उभे. एक म्हातारा तेवढा थांबला, नख फिरवलं, काकांकडं पाहिलं आणि म्हणाला, "काच हाय ही." काकांनी त्याच्या सदऱ्याला स्वतःच्या हातानं बिल्ला लावला. बाकीचे ताटात तसेच घरी आले. काका म्हणाले, "एकाला कळलं. झालं की."

आता मुख्य गोष्ट. लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण जिल्हा झाला म्हणजे पाटी बदलली एवढंच. कचेऱ्या मिळेल तिथं थाटलेल्या. आमची कचेरी डाळीच्या जुन्या गोदामात होती. फाईल उघडली की तुरीचा भुसा उडायचा. आणि शिपायांच्या पट्ट्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचेच बिल्ले. एक मोठे साहेब तपासणीला आले, शिपायाच्या छातीकडं पाहून म्हणाले, "तू उस्मानाबादहून आलास का माझ्या मागं?" सगळे हसले, आमचे साहेब सोडून. त्याच दुपारी मला हुकूम झाला, की मोठ्या समारंभाच्या आत, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत, एकशे चाळीस नवे बिल्ले पाहिजेत. खऱ्या मीनेचे. पांढरी जमीन, निळी कड, लाल अक्षरं.

पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. नळ कोरडे होते. टँकर गोड्या पाण्याचा, तोही एक दिवसाआड, तोही आला तर. काकांचे पावसाच्या पाण्याचे दोन्ही रांजण तळाला गेले होते. मी ऑर्डर सांगितली तेव्हा त्यांनी वाकून रांजणाचा तळ पाहिला. मग म्हणाले, "बाई, येवढी घाई कामून करून राहिलेत तुमचे साहेब? लालला पाणी लागतं." मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "काका, माझी नोकरी अजून कायम नाही. माझ्यासाठी करा." माणसाला अडकवायचं हे फार जुनं साधन आहे आणि मी ते बिनदिक्कत वापरलं. त्यांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी मी माल पाहायला गेले. पांढरा आणि निळा भाजून झाला होता. काका खाली मान घालून लाल भरत होते. ओठ फुटलेले होते. मी विचारलं, चहा झाला का, तर नाही म्हणाले. तेवढ्यात गयाबाई दारात आल्या. केस मोकळे, हातात रिकामा तांब्या.

"नातीला रातीपासनं हगवण लागलीया. डाक्टर म्हनला पानी पाजत ऱ्हावा. टँकर न्हाई आला. घरात थेंब न्हाई." त्यांनी धुवणाच्या रांजणाकडं पाहिलं. झाकण बाजूला होतं, आत नितळ पाणी दिसत होतं. "येवढा एक तांब्या द्या."

काकांचा कुंचला हवेतच थांबला. म्हणाले, "न्हाई."

"न्हाई?"

"त्ये पानी न्हाई देता येत."

 मला वाटलं काका आता सांगतील, शिशाचं सांगतील, उस्तादांच्या मनगटाचं सांगतील. काका खाली बघत राहिले. गयाबाई वळल्या. मी धावत माझ्या खोलीत गेले, माठात अर्धा माठ पाणी होतं, ते सगळं त्यांच्या घागरीत ओतलं. पोर दवाखान्यात चार दिवस राहिली आणि वाचली. गल्लीनं मला देवमाणूस ठरवलं. मी कुणालाही काही बोलले नाही.

दुपारी मी परत गेले तेव्हा चिडलेच होते. "सांगता येत नव्हतं का, की ते पाणी विषारी आहे?"

काका म्हणाले, "तोंडावर आलं व्हतं. पर तिनं इचारलं आस्तं, मंग तुमची प्यायची घागर कुठं हाय?"

मी कोपऱ्यात पाहिलं. घागर पालथी घातलेली होती.

"सकाळी एक घागर व्हती, गोड्या पान्याची. ती लालला गेली. दुसरं पानी लावलं आस्तं तर लाल धुरकट झाला आस्ता." त्यांनी कुंचला पुसला. "आमच्या गावात माझी माय हिरीवर सकाळपासनं घागर घिऊन उभी ऱ्हायाची. कुनीतरी वरनं वतंल म्हनून. रोज कुनीतरी तिला न्हाई म्हनायचं. त्योच शबुद माझ्या तोंडातनं निघाला, बाई. त्योच."

त्यांना रडू आलं नाही. मला आलं. घाई माझी होती, आणि घागर त्यांची गेली होती.

सोमवारी बिल्ले वेळेवर पोचले. साहेबांनी एक हातात घेतला आणि म्हणाले, "बरे आहेत. अजून चकाकी हवी होती." नख कुणीही फिरवलं नाही. समारंभ झाला, फोटो निघाले, आणि वर्ष सरायच्या आत सगळ्या शिपायांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळाल्या. एकशे चाळीस बिल्ले एका पोत्यात भरून भांडारात गेले. त्यांची नोंद मीच केली.

गल्लीनं काकांशी बोलणं टाकलं. ठरवून कुणी काही केलं नाही, तशी गरजही नव्हती. कोपऱ्यावरचा एक हमाल त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आता पानी नाकारायची ह्यांची पाळी आली व्हय." काका दाराआड होते. त्या दिवशी भट्टी पेटली नाही. गयाबाई मिलमधून यायच्या, सरळ आपल्या दारात शिरायच्या. काका तरीही संध्याकाळी दोन कप धुऊन ठेवायचे. तयार माल मला दाखवायला लागले, पण माझ्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणायचे, "तुमचं बोट शाईचं हाय, बाई. त्याला काय कळनार." आणि खरंच मला काही कळत नसे. दोनदा माझ्या हाताखालून अडकणारा माल गेला आणि गिऱ्हाइकानं परत आणला.

उन्हाळा वाढला तशी टँकरवर मारामारी सुरू झाली. कुणी दोनदा भरायचं, कुणाला मिळायचंच नाही. एकदा एका बाईचा हात घागरींच्या मध्ये सापडून मोडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या हातात एक फडकं दिलं. आत तांब्याचे एकतीस बिल्ले, कोरे, प्रत्येकावर घराचा नंबर ठोकलेला. "एका बिल्ल्याला दोन घागरी. टँकरवाल्याला सांगा, बिल्ला बघून द्यायचं. मी दिले म्हनून सांगू नगा." सांगायची गरज पडली नाही. लातुरात असे बिल्ले करणारा दुसरा कोण होता! पण लोकांनी घेतले. उपयोगाची वस्तू कुणी परत करत नाही. गयाबाईंनी आपला बिल्ला घेतला, सवयीनं त्यावर अंगठा फिरवला, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. 

गल्लीत घरं बत्तीस होती. मी काकांना म्हटलं, तुमचा बिल्ला राहिला. ते म्हणाले, "राहिला न्हाई. मला पानी मागायला तोंड न्हाई." ते सायकलवर डबा बांधून गावाबाहेरच्या कुठल्याशा विहिरीला जायचे, तिलाही पुढं गाळ लागला. मी माझ्यातलं देऊ केलं तर घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "तुमचं मी एकदा घेतलंय." त्यांनी माझं कधीच काही घेतलं नव्हतं. कदाचित त्या रविवारी गयाबाईंच्या घागरीत मी ओतलेलं पाणी त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिलं असेल.

मग माझी बदली नांदेडला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी हिय्या करून गयाबाईंकडं गेले. सगळं सांगितलं. रांजणातल्या पाण्यात शिसं होतं, ते पाजलं असतं तर पोर हातची गेली असती, काकांनी नाही म्हटलं ते तिच्या भल्यासाठी. घाई माझी होती हेही सांगितलं. वाटलं होतं, त्या कपाळाला हात लावतील, धावत काकांकडं जातील.

गयाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"रांजनाचं पानी प्यायचं नसतंय. वर्सभर त्याच्या दारात बसले, येवढं कळत न्हाई व्हय? त्या दिशी डोकं ठिकान्यावर नव्हतं म्हनून मागितलं." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "त्या सकाळी त्याच्या मोरीतनं गुलाबी पानी वाहताना म्या बघितलं. गोडं पानी. रंग धुतलेलं. माझी नात आत तळमळत व्हती आन् त्यो बिल्ले धुत व्हता. रांजनाचं न्हाई दुखत, बाई. त्या मोरीचं दुखतंय."

 काकांना शंका होती की गयाबाईंना खरं कळलं तर त्या माफ करतील की नाही, आणि मला वाटत होतं नक्की करतील. त्यांना तर पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं. मी उठले. "त्यांना ठाऊक नव्हतं हो, नात आजारी आहे ते," एवढं दारातून म्हणाले.

"त्येबी ठावं हाय," गयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटोत ट्रंक ठेवली. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता, त्यामुळं ऑटो अडकली. बायका रांगेत, हातात तांब्याचे बिल्ले. टँकरवाला बिल्ला बघायचा, दोन घागरी भरायचा, पुढची. गडबड नव्हती. रांगेच्या शेवटी, सगळ्यांपासून चार पावलं मागं, काका उभे होते. हातात घागर. सायकलवरची विहीर आटली असणार. त्यांच्या दाराशी मी निरोप घ्यायला थांबले होते तेव्हा ते घरात नव्हते, ते इथं होते.

त्यांची पाळी आली. टँकरवाला नवा होता. "बिल्ला?"

काका म्हणाले, "न्हाई."

"बिल्ला न्हाई तर पानी न्हाई. बाजूला व्हा."

काका बाजूला झाले. वाद घातला नाही, की बिल्ले मीच बनवलेत असंही म्हणाले नाहीत. मी ऑटोतून उतरणार तोच गयाबाई पुढं आल्या. त्यांनी आपल्या दोन घागरींपैकी एकच भरून घेतली होती. त्यांनी पदराची गाठ सोडली, बिल्ला टँकरवाल्याच्या पुढ्यात धरला, आणि काकांच्या हातातली घागर काढून घेतली. काकांनी दिली. नळीखाली घागर काठोकाठ भरली. काकांनी दोन्ही हात पुढं केले.

गयाबाईंनी घागर त्या हातांत दिली नाही. त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर खाली जमिनीवर ठेवली, आपली भरलेली घागर कमरेवर घेतली, आणि निघून गेल्या.

ते रागानं होतं, की औशाकडच्या घरातून आलेल्या हातांची जुनी सवय होती, की काठोकाठ भरलेली घागर हातात देता येत नाही एवढंच साधं कारण होतं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. काकांनाही आलं नसावं. टँकर निघाला, रस्ता मोकळा झाला, ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली. मी मागच्या फटीतून पाहत राहिले. बायका आपापल्या दारांत शिरल्या. काका हात तसेच पुढं धरून घागरीकडं बघत होते, आणि आम्ही वळण घेईपर्यंत त्यांनी ती उचललेली नव्हती.